कोपरे

साडेपाचला बस डेपोच्या ऑफिसला कुलूप,
सहाला पर्स ओट्यावर, बूट अजून पायातच.
मंगळवार. सण नाही, वाढदिवस नाही.
टाव्हो फ्रिजच्या दारात उभा,
आतला गारवा सगळ्या किंग्जव्हिलला वाटत.
दार लाव, म्हणते. तो अर्धं लावतो.

खिमा परतायला टाकते, वर अर्धा कांदा,
जिऱ्याची पूड तळहातावर घेऊन, अंदाजपंचे.
डबा फोडायचं यंत्र ईस्टरपासून मोडलंय,
म्हणून रोहेलियो खिशातल्या चाकूने
बीन्सचा डबा उघडतो, कुंपणाची तार कापावी तसा,
आणि झाकणाच्या धारेला दरवेळी शिवी देतो,
हळू, मुलांना ऐकू जाईल इतकीच.

मारिसेला एका कानात गाणं ठेवून
टॉर्टिया फाडतेय. कालच्या, कडक झालेल्या.
शिळ्याच बऱ्या. ताज्या घातल्या तर लगदा होतो.

ट्रेला आधी लाल सॉसचा हात.
मग टॉर्टिया, मग बीन्स,
मग खिमा, मग चीज,
मग पुन्हा पहिल्यापासून.
यात अवघड काही नाही,
पत्ते वाटता आले की हे येतं.
वरच्या थराला चीज कमी पडतं.
दरवेळी पडतं, कारण दरवेळी मी
खालच्यावरच उधळपट्टी करते.

साडेतीनशेवर पंचवीस मिनिटं.
तेवढ्यात बूट काढते.

हा ट्रे लग्नातला. एका कोपऱ्याला पोचा,
आबेलने तो अंगणात नेऊन
त्यात कासव पोहायला सोडलं होतं तेव्हाचा.
कोपऱ्यातला तुकडा म्हणजे दोन बाजू करपलेल्या,
चीज कडेला चिकटून कुरकुरीत काळं,
ते खरवडायला चमच्याने जोर लावायचा.
कोपरे चार, माणसं पाच.
टाव्होला दात आले तेव्हापासून हे गणित
या टेबलावर कधी सुटलं नाही.
रडारड झाली, काटे उगारले गेले,
एकदा मारिसेलाने तुकड्यात चक्क बोट खुपसून ठेवलं.
मी म्हणायचे, भांडू नका,
मला मधलाच आवडतो. मऊ असतो.

आबेल मार्चमध्ये मिडलँडला गेला.
तेलाच्या विहिरीवर, चौदा दिवस काम, सात सुट्टी,
त्या सातांतले दोन रस्त्यात जातात,
म्हणून तो येतच नाही.

आज सुरी फिरवली, वाढलं,
आणि कोणी काही बोललंच नाही.
चार ताटं, चार कोपरे.
पोचा आलेला माझ्या वाट्याला.
मधला भाग ट्रेमध्ये तसाच, वाफ सोडत,
वरचा हालापेन्यो हळूहळू खाली रुतत.

मी खाल्लं. कुर्रकन आवाज झाला.
चांगलं लागलं. इतकं चांगलं
की मला माझाच राग आला.
इतकी वर्षं मी खोटं बोलत होते
की खरंच मऊ आवडायचं मला,
आता आठवेना.
टाव्हो म्हणाला, आई, कोपरा कसाय?
म्हटलं, गरम आहे. पाणी दे.

भांडी विसळताना फोन वाजला.
मागे वाऱ्याचा आवाज, कोणीतरी हसतंय.
आज काय केलंस? मी सांगितलं.
थोडा वेळ नुसता वाराच.
मग म्हणाला, मीपण केलं होतं, गेल्या रविवारी,
कॅम्पमध्ये मायक्रोवेव्ह आहे.
खिमा नव्हता, सॉसेज घातलं. चीज मात्र भरपूर.
सहा जणांनी खाल्लं, कोणी भांडलं नाही.
का रे, मिहो?
म्हणाला, इथलं भांडं गोल आहे.

ओल्या हाताने फोन तसाच धरून होते मी.
दुसऱ्या हाताखाली ट्रे,
पोच्याजवळ अजून थोडं काळं चिकटलेलं.
ते आज भिजत ठेवलं.