अजून

डंडीत, नदीवर धुकं बसलेलं असताना,
आम्ही चौथ्या मजल्यावरच्या खोलीत शिरतो.
फोन बाहेर, पेन बाहेर,
कागदाचा कपटासुद्धा नेता येत नाही इथून.
इशबेल मकॅस्किल स्वेटर खुर्चीला अडकवते,
म्हणते, चला, आज चारशे वाक्यं.

दवाखान्यांनी वीस वर्षं टाइप केलेली माणसं
इथे येतात नावं काढून.
नावाच्या जागी क्षक्षक्ष,
गल्लीच्या जागी क्षक्षक्ष,
आईच्याही जागी तेच.
क्षक्षक्ष म्हणतो, क्षक्षक्ष गेल्यापासून झोप नाही.

आमचं काम यंत्राला ‘नाही’ शिकवायचं.
नर्स लिहिते, आवाज ऐकू येत नाहीत,
यंत्र ‘आवाज’ पाहून रकान्यात एक टाकतं.
नर्स लिहिते, मरणाचे विचार नाकारले,
यंत्र मरण उचलतं, नकार तिथेच सोडतं.
असे किती जण आजारी ठरले आमच्या तक्त्यात
बरा आहे म्हणाले म्हणून.

इशबेलची युक्ती साधी: शब्दाच्या मागचे सहा शब्द बघ,
इंग्रजीत नकार आधीच दारात उभा असतो.
मी मान हलवते.
माझ्या भाषेत तो सगळ्यांत शेवटी येतो,
वाक्य संपेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे
बघत बसावं लागतं.
हे तिला सांगून काय, कुठल्या रकान्यात भरणार?

दुपारी एक माणूस सापडला.
म्हणजे सापडू नयेच, अशीच सगळी व्यवस्था आहे.
बेकरीत रात्रपाळी, डाव्या हातावर भाजल्याची खूण,
अकरा वर्षांच्या नोंदी, बहुतेक एकाच नर्सच्या.
आणि मधूनमधून एक नाव, न पुसलेलं:
ब्रॅम्बल.
यंत्राला वाटलं, रानातलं फळ असेल.
कुत्री होती.
ब्रॅम्बलला घेऊन किनाऱ्यापर्यंत गेला.
ब्रॅम्बलसाठी उठतो म्हणाला, स्वतःसाठी नाही.
ब्रॅम्बल आत येऊ शकते का विचारलं. हो म्हटलं.
(नियमात बसत नाही. पण हो म्हटलं.)

हे मी इशबेलला दाखवलं.
नियमाने कळवायला हवं, नाव राहून गेलंय.
ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली,
मग म्हणाली, कुत्र्यांसाठी फॉर्म नाही आपल्याकडे.

पुढे नोंदी आखूड होत जातात.
कुत्रीबद्दल विचारलं. बोलला नाही.
आला नाही.
फोन उचलला नाही.
आला नाही.
इथे यंत्राला काहीच शिकवावं लागलं नाही,
सगळे नकार त्याने आपणहून बरोबर ओळखले.

मग चार महिने कोरे.
कोऱ्यातही माणूस असतो कुठेतरी,
पाव भाजत असतो, किंवा नसतो.
मी खाली सरकत राहिले. चारशेतली
तीनशे बारा वाक्यं झाली होती
आणि खाली कॅन्टीन बंद व्हायची वेळ.

शेवटची नोंद दुसऱ्याच कुणाची, घाईची, स्पेलिंग चुकलेली:
पिल्लू घेऊन आला. खुर्चीचा पाय कुरतडला.
नाव ठेवलेलं नाही अजून.

यंत्राने ‘नाही’ला लाल केलं. नकार.
शिकवलेलं पक्कं झालं होतं त्याचं.
मी खोडलं. त्याने विचारलं, मग होकार?
तेही खोडलं.
इशबेल स्वेटर चढवून दारात उभी,
किल्ली हातात, म्हणते, काय अडलंय?

मी म्हटलं, थांब जरा.
एक शब्द उरलाय, शेवटचा.
त्याला रकाना नाही.