पाऊणकी

नऊ पोरांना नऊशे ग्रॅम तांदूळ.
माझं माप चुकत नाही.
पट मला गुरुजींच्या आधी कळतो,
टोपाच्या तळाला लागलेल्या खरवडीवरून.
गेल्या साली अकरांचा होता.
मग खवळ्यांचा धाकटा बापाबरोबर पनवेलला गेला,
आणि आणखी एक गेला, त्याचं पुढे सांगते.

तेरशीला साहेब आले.
पलीकडे जीप ठेवून, इक्बालच्या होडीतून.
भरती होती, बुटाला पाणीसुद्धा लागलं नाही.
आगलावे गुरुजींनी टेबलावर धुतलेला टॉवेल घातला.
साहेबांनी नकाशा पसरला, वर पट्टी ठेवली:
खारशेत ते मोठी शाळा, तीन किलोमीटर.
"दहाच्या आत पट. नऊ मुलांसाठी एक इमारत,
एक शिक्षक, वीजबिल...
बाई, तुम्हीच हिशेब करा."

केला मी, मनातल्या मनात.
बिल थकलं म्हणून मार्गशीर्षात मीटर काढून नेला.
सादिल आलं ते खडू, खराटा आणि एका कुलपाला पुरलं.
कौलांचा अर्ज तीनदा गेला,
तिसऱ्यांदा तर पोचसुद्धा आली नाही.
चौथीच्या बाजूला छपरातून आभाळ दिसतं,
गुरुजी त्याखाली भूगोल शिकवतात.
माझं मानधन? शिमग्याचं अजून यायचंय.
पोटाला घालायचं नाही,
आणि मग म्हणायचं, ही काही अंग धरत नाही.

गावालाही सोडत नाही मी.
चाकरमान्यांनी देवळाला ग्रॅनाइट घातलं,
पावसात म्हाताऱ्यांचे पाय घसरतात त्यावर.
त्याच पावतीपुस्तकात
शाळेचं एक पान असतं तर!

साडेतीनला साहेब उठले. आम्ही सगळे धक्क्यावर गेलो.
खाडी नव्हती.
चिखल होता, निवटे उड्या मारत होते,
आणि होडी कुशीवर निजली होती.
"आता?" साहेब म्हणाले.
रुमाना होडेकर, इयत्ता तिसरी,
बाहीला नाक पुसत पुढे आली.
"आज तेरस. तेरा पाऊण पावणेदहा.
सकाळी पावणेदहाला भरली,
रात्री दहाच्या पुढे परत भरेल.
आत्ता पुरी सुकती. होडी सातला तरंगेल."
"हे कोणी शिकवलं तुला?"
"पाऊणकी गुरुजींनी. सुकती चाच्याने."

मग कुणी काही बोललं नाही.
मी तीन दगडांवर कोरा चहा ठेवला.
साहेबांनी तो शाळेच्या पायरीवर बसून प्यायला,
शेजारी सार्थक पावसकर चिंचोके मोजत होता.
पाचला पलीकडची मोठी शाळा सुटली,
घंटा इथवर ऐकू आली.
साहेबांनी घड्याळ पाहिलं, चिखल पाहिला,
मग रुमानाची उंची.
रस्त्याने वळसा चौदा किलोमीटर.
पट्टीवर वळसा येत नाही.
वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं,
काय ते मला दिसलं नाही.

आता त्या दुसऱ्याचं.
तो माझा नातू. पिवळ्या गाडीतून जातो,
टाय लावून, चौदा किलोमीटर,
महिना बाराशे रुपये गाडीचेच.
आणि मी इथे नऊ जणांना वाढून
दहावा कुठाय म्हणून गावाला विचारते.
त्याला पाऊणकी येत नाही.
परवा धक्क्यावर मला म्हणाला,
"आजी, पाणी कोणी नेलं?"

साहेब, दहावा मी आणते.
कौलं तुम्ही आणा.
मीटर आणा, दुसरा शिक्षक आणा,
आणि नकाशावर खाडी काढायला सांगा,
भरतीची वेगळी, सुकतीची वेगळी.
जूनपासून मी किलोभर तांदूळ मोजीन.

सुनेला अजून विचारलेलं नाही.