विभक्ती

दानुता पिएत्शिक आज टीव्हीवर बोलली.
तीन मिनिटं. मी घड्याळ समोर ठेवून ऐकलं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती आमच्या धक्क्यावर उतरली तेव्हा
तिच्यापाशी एक बॅग, एक मुलगा,
आणि आमच्या भाषेतले दोनच शब्द होते:
थंडी. धन्यवाद.
चाकू कसा धरायचा ते मी शिकवलं तिला.
काचेच्या टेबलाखाली दिवा असतो,
वर कॉडचा तुकडा ठेवला की मांस दुधी होतं, आरपार,
आणि दिसतो जंत,
केसाएवढा, वेटोळं करून निजलेला.
तो काढायचा. मांस फाटू द्यायचं नाही.
महिन्याभरात तिचे हात माझ्याहून चपळ झाले.
मला ते आवडलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती बॉयलरला पाठ टेकून
खोक्याच्या पुठ्ठ्यावर शब्द चालवायची.
'मेंढी' आमच्याकडे चार विभक्त्यांतून फिरते,
प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी,
त्यात दोनदा तर ती नदीसारखी ऐकू येते.
आइसलँडची पोरंसुद्धा ठेचकाळतात तिथे.
"पोलिशमध्ये सात आहेत, स्वानलौग," ती म्हणायची,
"चारांना कोण घाबरतंय?"

मग बोटींचा कोटा विकला गेला, दूरच्या बंदराला.
कारखान्याला कुलूप.
शेवटच्या पाकिटात सगळ्यांचेच सुट्टीचे पैसे कमी भरले.
आम्ही पाकिटं खिशात घातली, घरी गेलो.
ती कागद घेऊन रेक्याविकला गेली,
सात तासांची बस, त्या दिवशी हिमवादळात अकरा.
पैसे घेऊन आली.
त्यात माझेही होते.
पुढे युनियन. पुढे पालिका.
पुढे पक्षाच्या यादीत पाचवं नाव, चार वर्षांनी दुसरं.

सांगून टाकते, मी तिला मत दिलं नाही.
माझा चुलतभाऊ उभा होता समोरच्या पक्षातून.
शिवाय...
शिवाय काही नाही.

आज त्या दगडी सभागृहात ती उभी राहिली,
हातात मसुदा, कलम अकरा.
बोलण्याआधी तिने कागद जरासा वर उचलला,
दिव्यापुढे धरला.
बाकीच्यांना वाटलं असेल, चष्मा विसरली.

आणि मग आमच्या गावाचं नाव घेतलं तिने,
षष्ठीत घ्यायचं, ते चतुर्थीत.
कुणीतरी खाकरलं. सभापतींनी खाली पाहिलं.
इकडे मी, स्वयंपाकघरात एकटी,
मोठ्यांदा दुरुस्त केलं ते नाव,
टेबलावर हात आपटून, दोनदा.
पातेल्यातलं पाणी आटून बटाटे खाली लागले.

रात्री साडेदहाला फोन.
मागे कुठेतरी लिफ्टचा आवाज, तिचा श्वास थकलेला.
"स्वानलौग, ऐकलीस ना माझी चूक?"

"कुठली?" म्हटलं मी.