रकाना

हातसू वहिनीचा व्हिसा चार फेब्रुवारीला संपतो.
नवे नियम एक तारखेला लागणार.
एक म्हणजे शुक्रवार, मग दोन सुट्ट्या,
मग सोमवार, तोच चौथा.
दिनदर्शिकेवर पेन्सिलीनं गोल केला, खोडला, परत केला.
लग्नाची तारीख काढतानाही
एवढं बोट फिरवलं नव्हतं कुणी आमच्या घरात.

झेरॉक्सवाला अमृत म्हणाला, आत्ताच भरून टाका,
जुन्या फॉर्मवर, एकतीसच्या आत,
कोण त्या नव्याच्या नादाला लागतंय.
एसपी ऑफिसातले कारंडे हवालदार म्हणाले, थांबा.
जुन्यात खाली 'पती' एवढंच आहे.
सही कोण करणार?

शहाजीदादा जाऊन दहा महिने झाले.
गेल्या साली त्यानंच केली होती,
उजव्या हातात सलाईनची सुई, म्हणून डाव्यानं.
कारंडेंनी ती चालवून घेतली.

नव्या फॉर्मात म्हणे रकाना वाढलाय:
'अन्य नातेवाईक, नाते लिहा'.
तेवढ्यासाठी थांबायचं.
सत्तावीस वर्षं उचलून
दोन दिवसांच्या फटीत ठेवायची.
सर्व्हर पडला तर? साहेब बंदोबस्ताला गेले तर?
उशीर झाला तर दंड, आणि दंडाच्या पुढं काय
ते कारंडे सांगत नव्हते, नुसता चहा पाजत होते.

ती गच्चीवर लसूण सोलत बसलेली.
'मी काय पळून चाललोय व्हय?' म्हणाली.

असंच बोलते ती. आलो, गेलो, जेवलो.
पुण्याच्या मामी एकदा हसल्या,
अगं, बाईमाणसानं 'आले' म्हणावं.
तिनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हणालो, मामी, आमच्यात असंच.
मीच शिकवलेलं तिला, पहिल्या वर्षी,
पाणी तापवत, भाकरी थापत.
मी आईकडनं शिकलो, आई तिच्या आईकडनं.
फॉर्मात लिंग: स्त्री. राष्ट्रीयत्व: जपानी.
भाषेला रकाना नाही.

एकतीसला संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात
दोघी गेलो किरणं बघायला.
उंबरा ओलांडून ती आत सरकली, पायांपर्यंत आली,
आणि पश्चिमेला कुठंतरी ढग आडवा आला.
शेजारची बाई म्हणाली, उद्या येतील.
घड्याळात सव्वासहा.
जुना फॉर्म तेव्हा बंद झालेला होता.

शुक्रवारी पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.
अमृतनं संगणकाला कपाळावर मारतात तशी चापट मारली.
शनिवारी मी दोनदा दूध उतू घालवलं.
रविवारी तिनं दादाच्या कपाटातले पॅटर्नचे लाकडी साचे पुसले,
वाल्वचे, पुलीचे,
आणि होते तसेच परत ठेवले.

सोमवारी पावणेपाचला कारंडेंचा नंबर लागला.
'नातं?'
नणंद, मी म्हणालो.
त्यांनी इंग्रजीत टाइप केलं ते
जाऊबाईलाही चालतं, मेहुणीलाही.
रकान्यात मावलं, तेवढं पुरे.
सही करताना शालन इंगवले हे नाव
मला माझंच लांब वाटलं.

मिळाली ती पावती. 'विचाराधीन' असा शिक्का,
निळा, एका कडेनं पुसट.
कारंडे म्हणाले, ही जपा, हीच आता सगळं.
तिनं ती चार घड्या करून
चष्म्याच्या डबीत ठेवली.

रिक्षात बसल्यावर बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, 'मी राहिलो.'

कुठल्या अर्थानं, ते मी विचारलं नाही.
रिक्षावाल्याला सांगितलं, बावड्यातनं घे,
मंडईत थांब जरा,
घरात कोथिंबीर नाही.