दर्शनी भागात

परिपत्रक आलं शुक्रवारी, चार वाजता.
अठरा पानं, शेवटचं तिरकं झेरॉक्स झालेलं.
विषय : बालकांच्या सुरक्षिततेबाबत सुधारित मार्गदर्शक सूचना.
संदर्भ : मागील सात परिपत्रकं.
इंगवले सरांनी कोपऱ्यात हिरव्या शाईनं लिहिलं,
‘घोरपडे मॅडम, बघून घ्या’,
आणि मी बावड्याच्या शाळेची बालसंरक्षण अधिकारी झाले.
तोवर नुसता भूगोल शिकवत होते.

रात्री वाचत बसले, कणीक मळायची सोडून.
सुधारणा ठळक अक्षरांत होत्या.
‘करावी’च्या जागी ‘करणे बंधनकारक राहील’.
‘शक्यतो लवकर’च्या जागी ‘चोवीस तासांत’.
रिक्षामामा, कबड्डीचे कोच,
गॅदरिंगपुरता येणारा ढोलकीवाला,
सगळ्यांची पोलीस पडताळणी.
मुलांची नावं कुठंच नव्हती. असणार तरी कशी.
तरी मी पान उलटून उलटून शोधत होते
आठवी ब मधल्या एका मुलीचं,
शहाऐंशी सालच्या.

पान सहा : तक्रारपेटी दर्शनी भागात असावी.
आमची होती की. ऑफिसच्या दाराशी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली.
तीन वर्षांत निघालं काय,
गोळ्यांचे कागद, एक वाळलेली पाल,
‘डबा खायला टाइम पुरत नाही’,
‘इंगवले सर लई भारी’
(अक्षर सरांच्याच पुतण्याचं).
दर शनिवारी तीन सह्या
आणि एक शब्द : निरंक.
त्यातली एक सही माझी.

हौसाक्का केर काढता काढता म्हणाली,
‘बाई, तितं कोन टाकंल चिट्टी?
वर त्यो डोळा, म्होरं सायबाचं दार.
भर तालमीत हुबं करून
अंगावरचा वळ दाव म्हनल्यागत हाय हे.’

मग मी सुट्टीनंतर शाळाभर फिरले,
नकाशात नसलेला प्रदेश शोधत फिरावं तशी.
मागचा जिना. सायकल स्टँड. खेळाच्या सामानाची खोली,
तिला आधी नवं कुलूप.
शेवटी पाण्याच्या नळाशी थांबले.
इथं सगळीच पोरं येतात, बाटली भरेपर्यंत उभी राहतात,
कुणी कुणाला ‘इथं काय करतोस’ विचारत नाही.
कारखान्याकडून मळीचा वास येत होता.
भिंतीवर बोटानं चौकोन काढला.

सर म्हणाले, ‘तपासणीला आले तर?
ह्याला दर्शनी भाग म्हणतात का?’
मी म्हणाले, ‘सर, कुणाला दर्शनी?’
ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले,
‘स्क्रू घट्ट मारा, पोरं लोंबकळतात.’

पहिला शनिवार निरंक.
दुसऱ्या शनिवारी चघळलेलं च्युइंगम.
तिसऱ्या शनिवारी
रेघी वहीचा कागद, चार घड्या, पेन्सिल :

‘पेटी इकडे आणली ते बरं केलं.
उद्या लिहिते.’

शेवटचं अक्षर खोडून परत लिहिलेलं.
आधी ‘लिहितो’ होतं की आधीही ‘लिहिते’च,
कागद उजेडात धरला तरी कळेना.
खोडरबरानं तिथं भोक पडायचं राहिलं होतं इतकंच.

तारीख नाही. कधीचा उद्या?
चोवीस तास कुठून मोजायचे
ते अठरा पानांत नाही,
तिरक्या पानावरही नाही, मी पाहिलं.
रजिस्टर पुढ्यात. दोघांच्या सह्या झालेल्या.
पालक प्रतिनिधी म्हणाले, ‘ह्यात तक्रार कुठाय? घाला निरंक.’

रकाना मी कोरा ठेवला.
चिठ्ठी होती त्याच घड्यांवर मिटली.
उद्या रविवार, शाळा बंद,
पण फाटकाची किल्ली हौसाक्काकडं असते.
मी तिला फोन लावला.