हातचं राखून

वर्क्सवर्थच्या वर, चुनखडीच्या कपारीखाली
आलेखाचा कागद फडफडतो.
कोपऱ्यांवर चार दगड ठेवले;
त्यातला एक घडवलेला तर नाही ना,
म्हणून दोनदा उलटून पाहिला.

पागोळ्यांची रेघ मातीत जिथे मुरते
तिच्या आत एक चौकोन, बाहेर एक.
मीटर बाय मीटर. बस्स.

डेन्झिलला तिसरा हवाय, भिंतीलगत,
दगड जरा जास्त काळा आहे तिथे.
"चूल इथंच होती," म्हणतो,
जणू कालच जेवून गेलाय.

शेताच्या मालकीणबाई, मिसेस हॅलम, फाटक धरून उभ्या.
त्यांचं एकच म्हणणं:
मार्चात व्यायला आलेली मेंढी
गारठ्यात नेमकी त्याच कोपऱ्यात बसते.
तिनं कुठं जायचं?

मी खोडरबर काढते.
चौकोन जातो,
पेन्सिलीचा वळ कागदावर राहतो.

लेंड्यांखाली माती, मातीखाली राख असेल,
नसेलही.
आमच्यापेक्षा हलक्या हाताचं कुणीतरी
अजून जन्मायचंय.

परवानगीच्या अर्जात
'जागा न खणण्याचे कारण' असा रकाना आहे.
डेन्झिल थोडा वेळ टोपण चावतो,
मग लिहितो: मेंढी.

मी ते तसंच पाठवते.