ब्रेकलाइट

पावती अजून माझ्या डब्यात आहे.
तेलकट अंगठ्याचा ठसा, खाली सही, क्लीव्हन पेटवे.
मागचे दोन्ही दिवे तपासले. चालू.
नऊ ऑक्टोबर, गुरुवार.

रविवारी रात्री जार्वेलला हॅमंड रोडवर थांबवलं.
कारण काय,
तर डावा मागचा दिवा बंद.
चार गोळ्या. एक दाराच्या पत्र्यातच राहिली,
ती मी नंतर पाहिली, स्क्रू शोधताना.

ग्रँड ज्युरीपुढे इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.
नखांतलं काळं तेवढं निघालं नाही,
तीस वर्षांचं आहे ते.
सरकारी वकील बाईंनी पावती दोन बोटांत धरली,
ओली असल्यासारखी.
"त्या रात्री साडेअकराला तुम्ही तिथे होतात?"
नव्हतो.
"म्हणजे दिवा चालू होता, हे तुम्ही सांगू शकत नाही."
नाही.
"आभारी आहे."
बाहेरच्या बाकावर माझी टोपी राहिली.
ती आणायलाही आत गेलो नाही.

मी मेकॅनिक आहे, खोटं कशाला बोलू,
लूज कॉन्टॅक्ट असू शकतो.
टोलेडोचे रस्ते कसे आहेत ठाऊक आहे मला,
एका खड्ड्यात दिवा जातो,
पुढच्या खड्ड्यात परत येतो.
आणि समजा, गेलाच होता.
बल्ब तीन डॉलरला मिळतो.

तेव्हापासून शनिवारी बल्ब फुकट बसवतो.
सकाळी सातपासून रांग लागते,
नर्सिंग होमच्या बायका, चर्चची व्हॅन,
कॉलेजातली पोरं आईच्या गाड्या घेऊन.
मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा,
कळतं मला.
एका मुलीने विचारलं, लायसन्स आठवड्यापूर्वी मिळालेलं,
"अंकल, आता मला थांबवणार नाहीत ना?"
म्हटलं, दिवा लागेल.
तिने पुन्हा विचारलं.
मी पुन्हा तेच म्हटलं.

गाडी मात्र आवारात अडकून होती,
पोलिसांच्या, तारेच्या कुंपणामागे.
ओझेलाला दर महिन्याला पत्र यायचं:
आवारभाडं, रोजचे वीस डॉलर.
ज्या गाडीत मुलगा गेला
तिचं भाडं आईने भरायचं.
दोनशे अकरा दिवस. चार हजार दोनशे वीस.
शिवाय ओढून नेल्याचे एकशे पंचवीस,
ते वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरांत.
गल्लीने केक विकले, मासे तळून विकले,
माझ्या भावाने ट्रॉम्बोन विकला आणि कुणाला सांगितलं नाही.

मे महिन्यात ब्यूक गॅरेजच्या दारात आली.
सीटवर प्लास्टिक घातलेलं. आरशाला त्याचं पाइनचं झाड,
वास उडालेला.
बॅटरी मेलेली होती. मी माझ्या ट्रकची काढून बसवली.
ओझेला ड्यूटीवरून थेट आलेली,
पांढरे बूट, कोपरापर्यंत शीण.
आत नाही बसली. मागे जाऊन उभी राहिली.
"दाब," म्हणाली.

मी ब्रेक दाबला.

"दिसतंय का काही?"
बोलली नाही.
आरसा तिरका केला, तेव्हा बूट दिसले तिचे.
लाल.
डावाही.

कोलंबसचा वकील नंतर फोनवर म्हणाला,
मे महिन्यातला दिवा ऑक्टोबरची साक्ष देत नाही.
बरोबरच आहे त्याचं.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,
आम्हाला तर पायरीवर बोलावलं होतं,
समन्स काढून.

पण ते नंतरचं.
त्या संध्याकाळी मी म्हटलं, "पाय काढू?"
"थांब."
"बॅटरी उतरेल, ओझेला."
"उतरू दे."

पोटरीत गोळा आला तरी दाबून बसलो.
मागून सायकलवर एक पोरगा आला,
नऊदहा वर्षांचा, हेल्मेट वाकडं.
दिवे लाल बघून थांबला,
एक पाय जमिनीवर टेकवून,
गाडी कधी निघते याची वाट बघत.